पायाच्या अंगठ्याचा ठसा

फोन बहुतेक वेळा रात्रीच यायचा. ‘मॅडम, जळीत केस आहे. जबाब घ्यायचाय. डॉक्टर म्हणतात, सकाळपर्यंत थांबू नका.’ ठाणे अंमलदार एवढंच बोलायचा. मी उठून केसांची गाठ मारायचे आणि दारामागच्या खुंटीवरची कापडी पिशवी उचलायचे. त्या पिशवीत कोरे ताव, दोन बॉलपेन, स्टॅम्पपॅड, लिफाफे आणि लाख हे सामान कायम भरून ठेवलेलं असे. मुलगी लहान असताना ती पिशवी तिला दिसू नये म्हणून मी तिच्यावर जुना टॉवेल टाकून ठेवायचे.

नायब तहसीलदार म्हणून नाशिक जिल्ह्यात मी तेवीस वर्षं काढली. निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि मग नाशिक शहर. नायब तहसीलदार म्हटलं की लोकांना सातबारा, उत्पन्नाचा दाखला, मतदारयादी आठवते. पण आम्ही कार्यकारी दंडाधिकारीही असतो. भाजलेली, विष प्यायलेली बाई मरणाच्या दारात असली की तिचा मृत्युपूर्व जबाब घ्यायला पोलीस आम्हाला बोलावतात. आणि लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीनं मेली, तर तिचा मरणोत्तर पंचनामाही आमच्याच हातून होतो.

हे सात वर्षांचं बंधन कुठून आलं, ते मला नोकरी लागली तेव्हा ठाऊक नव्हतं. नियम आहे म्हणून पाळायचा, एवढंच. पुढं एका शिबिरात पुण्याच्या नारी समता मंचाच्या कार्यकर्त्या भेटल्या तेव्हा उलगडा झाला. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा लग्नानंतर काही महिन्यांतच विषानं मेली. तिनं माहेरी लिहिलेली पत्रं कोर्टापुढं आली. खालच्या कोर्टानं नवऱ्याला दोषी धरलं, उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. त्या काळात देशभर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला, सासरच्या छळाचं ४९८-अ कलम आलं, नवविवाहितेच्या मृत्यूची वेगळी चौकशी आली. १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब आलं. म्हणजे मध्यरात्री मला उठवणारा तो फोन त्या बायकांनी लावून दिला होता. हे कळल्यावर त्या कामाकडं बघायची माझी नजर बदलली. मात्र तोवर माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती.

जळीत वॉर्डाबद्दल थोडं सांगते, कारण ज्यानं तो पाहिला नाही त्याला पुढचं समजणार नाही. भाजलेल्या माणसाच्या अंगाला कापड लागू नये म्हणून खाटेवर लोखंडी कमानी ठेवतात आणि त्यांच्यावरून चादर टाकतात. लांबून पाहिलं तर बैलगाडीच्या छपरासारखं दिसतं. आतून मलमाचा आणि भाजल्या कातडीचा वास येतो, आणि त्याच्याखाली, नीट लक्ष दिलं तर, रॉकेलचा. केसांत तो वास सगळ्यात जास्त टिकतो. ऐंशी-नव्वद टक्के भाजलेली बाई पहिले काही तास शुद्धीवर असते, बोलते, पाणी मागते. घरच्यांना वाटतं वाचेल. सिस्टरला माहीत असतं, मला माहीत असे, आणि कित्येकदा त्या बाईलाही माहीत असे.

जबाबाची रीत ठरलेली. आधी डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायचं की रुग्ण शुद्धीवर असून जबाब देण्याच्या स्थितीत आहे. मग नातेवाईक आणि पोलीस बाहेर. मग नाव, वय, लग्नाला किती वर्षं, काय झालं, कसं झालं, कुणाविरुद्ध तक्रार आहे का. तिच्याच शब्दांत लिहायचं. वाचून दाखवायचं. अंगठा घ्यायचा. खाली पुन्हा डॉक्टरांची सही. लिफाफा बंद. हाताचे अंगठे जळालेले किंवा पट्टीत असतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि तसं नमूद करायचं. माझ्या हातून असे ठसे किती घेतले गेले, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. तेव्हा माझ्याकडं पुरवठा शाखा होती. रेशन दुकानदारांच्या रॉकेलच्या कोट्यावर दिवसभर सह्या करून घरी आले होते. रात्री अकराला फोन आला. बावीस वर्षांची मुलगी, लग्नाला चार वर्षं. चेहऱ्याची उजवी बाजू तेवढी शाबूत. डॉक्टरांनी शेरा दिला. मी खाटेशी उभी राहिले आणि छापील असल्यासारखे प्रश्न विचारले.

‘चहा ठेवत होते. स्टोव्हला पंप मारला. भडका उडाला. पदर पेटला.’

‘घरात कुणी त्रास द्यायचं का?’

‘नाही. आत्याबाई चांगल्या आहेत.’

‘कुणाविरुद्ध तक्रार?’

‘नाही.’

बोलताना ती सारखी माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. मला वाटलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतेय. हातांना पट्ट्या होत्या म्हणून मी पायाशी गेले. उजवा पाय घोट्याखाली जळाला नव्हता. अंगठ्याला शाई लावली. शेजारच्या बोटावर जोडव्याचा पांढरा वळ होता. जोडवं बहुतेक दवाखान्यातच काढलं असावं. कागद फळीवर ठेवून मी ठसा घेतला, ओल्या बोळ्यानं तिचा अंगठा पुसला आणि वळले.

वॉर्डाचं दार उघडं होतं. उंबऱ्याच्या पलीकडं, व्हरांड्यात, सासू उभी होती. कडेवर दोन वर्षांचा मुलगा. त्याच्या हातात बिस्किट होतं, ते त्यानं चोखून चोखून ओलं केलं होतं. मी त्यांना ‘बाहेर थांबा’ म्हटलं होतं आणि त्या बाहेरच थांबल्या होत्या. पूर्ण वेळ, मुलाला तिच्या नजरेसमोर धरून. मी जबाबात लिहून मोकळी झाले होते: नातेवाइकांना बाहेर काढण्यात आले.

पहाटे ती गेली. अकस्मात मृत्यूच्या नोंदवहीत एक नोंद वाढली: स्टोव्हचा भडका उडून भाजून मयत.

महिनाभरानं दुसऱ्या एका जबाबासाठी त्याच वॉर्डात गेले, तर रात्रपाळीच्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘मॅडम, ती पोरगी तुम्ही गेल्यावर पाणी प्यायली आन् मला म्हणली, मावशी, लेकरू त्यांच्याच घरी वाढायचंय.’ एवढंच. या एका वाक्यावरून खून सिद्ध होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. कदाचित खरंच भडका उडाला असेल. पण त्या वाक्यानंतर माझ्या जबाबाला काही अर्थ उरला नाही, एवढं नक्की. मी तपासी अंमलदाराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीच घेतलेला जबाब आहे. तुमच्यासमोरचा अंगठा आहे.’ त्याचं खरंच होतं.

मृत्युपूर्व जबाबाला कायदा एवढं मोल का देतो? मरणारा माणूस खोटं बोलत नाही, या समजुतीवर. देवापुढं जाताना कुणी तोंडात असत्य धरून जाणार नाही, असा तो जुना विश्वास. १९५७ साली नागपूरच्या खुशाल राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, जबाब खरा आणि खात्रीचा वाटला तर केवळ त्याच्या आधारावरही शिक्षा देता येते. मी ते प्रशिक्षणात वाचलं होतं, मला पटलंही होतं. पण आई खोटं बोलते. ज्या घरात आपण जळालो त्याच घरात आपलं लेकरू राहणार आहे, हे कळलेली आई शुद्धीवर असताना, डोळे उघडे ठेवून, डॉक्टरांच्या सहीनिशी खोटं बोलते. तिच्या हिशोबात देवाचा नंबर लेकराच्या नंतर लागतो.

त्या दिवसापासून मी माझी रीत बदलली. दार आतून लावून घ्यायला लागले. वॉर्डात इतर खाटा असत, त्यांच्या सोबतच्यांनाही दहा मिनिटं बाहेर जायची विनंती करायचे. सिस्टर कुरकुरायच्या, पुढं सवय झाली. उभं राहून विचारणं सोडलं. एक लोखंडी स्टूल ओढून तिच्या उशाशी बसायचे, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये आणि माझ्याखेरीज दुसरं काही दिसू नये. आणि डॉक्टरांच्या शेऱ्यानंतर पहिला प्रश्न, जो कुठल्याच नमुन्यात छापलेला नाही: लेकरू कुठंय?

दिंडोरीकडची एक बाई होती. तिला चार वर्षांची मुलगी. मी विचारल्यावर ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, ‘घरी.’ कुणाच्या घरी? ‘त्यांच्याच.’ तुझ्या आईकडं आणून द्यायची का? तिनं पापण्या मिटल्या. मी बाहेर येऊन पोलीस निरीक्षकांना विनंती केली. त्यांनी त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. पाटलानं मुलीला झोपेतून उचललं, शेजारच्या जीपमध्ये घातलं आणि दहा मैलांवर आजीच्या घरी पोचवलं. सव्वा तास लागला. तेवढा वेळ ती जगेल की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. मी स्टुलावर बसून होते. डॉक्टर दोनदा येऊन नाडी बघून गेले. फोन आला तेव्हा मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, ‘पोरगी आजीजवळ पोचली. दूध पिऊन झोपली.’ डॉक्टरांनी शुद्धीचा शेरा पुन्हा लिहून दिला, आणि मग ती बोलली. सहा ओळींचा जबाब. कुणी ओतलं, कुणी धरलं, काडी कुणाच्या हातात होती.

तीन वर्षांनी तो खटला उभा राहिला. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मी साक्षीला गेले. बचावाचे वकील अनुभवी होते. त्यांनी आधी नेहमीचे प्रश्न घातले. पंच्याऐंशी टक्के भाजलेली बाई बोलेल कशी? ठशात रेषा स्पष्ट का नाहीत? डॉक्टरांचा शेरा त्याच शाईत कसा? याला उत्तरं होती. २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं होतं की, जबाब घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याची स्वतःची खात्री पटलेली असेल तर केवळ डॉक्टरांच्या शेऱ्यातल्या त्रुटीमुळं जबाब फेकून देता येत नाही. मग त्यांनी खरा प्रश्न काढला.

‘म्हणजे जबाबाआधी तुम्ही तिला मुलीचं आमिष दाखवलंत?’

कोर्टात शांतता झाली. माझ्या हाताला घाम आला. मी म्हणाले, ‘मी तिला तिची मुलगी कुठं आहे ते सांगितलं. काय बोलायचं ते सांगितलं नाही.’ न्यायाधीशांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि लघुलेखकाला म्हणाले, ‘हे साक्षीदाराच्याच शब्दांत घ्या.’ त्या खटल्यात शिक्षा झाली. मी बाहेर येऊन समोरच्या टपरीवर चहा घेतला. हात थरथरत असल्यामुळं अर्धा बशीत सांडला.

भाजणं हे शहरातलं. खेड्यात विहीर.

निफाड तालुक्यात असताना एका द्राक्षबागेच्या विहिरीवर पंचनाम्याला गेले. लग्नाला दीड वर्ष झालेली सून. गावातले पंच, पोलीस पाटील, सगळे बांधावर बसलेले. मजकूर जवळपास तयार होता: पाणी शेंदायला गेली असता पाय घसरून विहिरीत पडून मयत. मी विहिरीभोवती एक फेरी मारली. काठावर चपला होत्या. जोडीनं, नीट, टाचा विहिरीकडं. कठड्याला रहाट नव्हता. दोर नव्हता. कळशी नव्हती, बादली नव्हती. होती ती साडेसात अश्वशक्तीची मोटार, आणि तिथून बागेच्या ठिबकला गेलेला पाइप. घराच्या मागं गेले तर नळ होता. फिरवला, पाणी आलं.

मी पोलीस पाटलांना विचारलं, ‘दादा, मोटारीच्या विहिरीवर कळशीशिवाय पाणी शेंदायला कोण जातं?’ ते जमिनीकडं बघत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही दोन लेकी होत्या. पण गावात राहायचं होतं.

पंचनाम्यात मी आरोप केला नाही. तो माझा अधिकारही नाही. तीन वाक्यं लिहिली: विहिरीवर शेंदण्याचा दोर, बादली अगर कळशी मिळून आली नाही. विहिरीवर विद्युत पंप बसवलेला आहे. घरामागे नळ असून त्यास पाणी आहे. त्या तीन वाक्यांनी तपासाची दिशा फिरली. नंतरच्या नवीन मुलांना मी हेच सांगत आले. स्टोव्हची केस असेल तर स्टोव्ह बघा. टाकी फुटलीय का? वॉशर, पिन, बर्नर जागेवर आहे का? ओट्यावर, भिंतीवर काजळी आहे का? चहाचं पातेलं कुठंय आणि त्यात पाणी आहे का? रेशनचं रॉकेल निळं असायचं. तो निळा डाग पदरावर आहे की डोक्यावरच्या केसांत? स्टोव्ह समोरून भडकतो, तो डोक्यावर ओतला जात नाही.

सगळ्याच बायका मारल्या गेल्या असं मी म्हणणार नाही. कित्येकींनी स्वतःच ओतून घेतलं होतं. पण त्यांचे जबाब वाचले की कळायचं, काडी तिनं ओढली तरी तिथवर तिला कुणी आणून उभं केलं. ‘रोजचंच होतं,’ हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की पेन आपोआप वळायचं.

२००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीनं तो मला समजावून दिला. २००१ या एका वर्षात भारतात जळून १ लाख ६३ हजारांवर माणसं गेली असावीत, त्यांतल्या १ लाख ६ हजार बायका, आणि त्याही बहुतेक पंधरा ते चौतीस वयाच्या, असा त्यांचा अंदाज होता. पोलिसांच्या आकड्यांपेक्षा हे सहापट भरत होतं. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. स्टोव्ह सगळेच वापरत होते. टपरीवरचा चहावाला दिवसाला दोनशे कप त्याच स्टोव्हवर करतो. सासवा, नणंदा त्याच ओट्यावर चहा करतात. भडका मात्र सुनेच्या वयालाच उडतो.

आपल्याकडं ‘हुंडाबळी’ हा शब्द आहे. चळवळीनं तो रुजवला, त्यानं फार मोठं काम केलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आजही वर्षाला सहा हजारांहून जास्त हुंडाबळी नोंदले जातात. पण त्या शब्दात न मावणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या. दारूला पैसे दिले नाहीत म्हणून. दुसरीही मुलगीच झाली म्हणून. मोबाइलवर कुणाशी बोलतेस म्हणून. माहेरी जाऊन राहिली, नांदायला आली नाही म्हणून. यांच्यासाठी आपल्या नोंदवहीत वेगळा रकाना नाही. १९७६ साली ब्रुसेल्सला भरलेल्या एका लोकन्यायासनापुढं डायना रसेल या अभ्यासिकेनं ‘फेमिसाइड’ हा शब्द ठामपणे मांडला, तो याच गरजेतून. बाई आहे म्हणून केलेला खून. पुढं लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी तो कायद्यात घातला. आपण अजून ‘अकस्मात’ लिहितोय.

२५ नोव्हेंबरला जगभर स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा दिवस पाळतात. तहसील कार्यालयातही परिपत्रक यायचं, शपथ व्हायची. तो दिवस हाच का, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. एका वर्षी मी शोधून काढलं आणि शपथेच्या आधी सगळ्यांना सांगितलं. डॉमिनिकन रिपब्लिक या छोट्या देशात हुकूमशहाविरुद्ध लढणाऱ्या मिराबाल आडनावाच्या तीन बहिणी होत्या. तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परत येताना, २५ नोव्हेंबर १९६० ला, त्यांना रस्त्यात गाठून मारलं. मग मृतदेह त्यांच्याच जीपमध्ये घालून जीप कड्यावरून ढकलली. अपघात दिसावा म्हणून. आमचा शिपाई, जो माझ्याबरोबर शेकडो पंचनाम्यांना आला होता, पटकन म्हणाला, ‘मॅडम, तिकडं पण पाय घसरूनच का?’ त्या दिवशीची शपथ जरा वेगळ्या आवाजात झाली.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ सालचा आकडा दिला: जगात त्या वर्षी सुमारे ५१ हजार १०० स्त्रिया आणि मुली नवऱ्यानं, जोडीदारानं किंवा घरच्याच कुणी मारल्या. दिवसाला एकशे चाळीस. हा झाला खून म्हणून मोजला गेलेला, अंदाजलेला आकडा. त्यात माझी ती बावीस वर्षांची मुलगी नाही. तिचा भडका उडाला होता आणि त्यावर सही माझी आहे.

नाशिकमध्ये २०१३ च्या जूनअखेरीस जे घडलं, ते मात्र कुणाला अकस्मात म्हणता आलं नाही. दुसऱ्या जातीत लग्न केलेल्या गरोदर लेकीला बापानं आजारपणाचं निमित्त सांगून सासरहून बाहेर काढलं आणि शहरातल्या रस्त्यावर, रिक्षात गळा आवळून मारलं. त्या केसचं काम माझ्याकडं नव्हतं. पण तेव्हा मी शहरातच होते आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. आमच्या एका अव्वल कारकुनाची मुलगी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तो माणूस दिवसभर एकही शब्द बोलला नाही, पाचला उठला आणि मुलीच्या गावची एसटी धरली.

मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. त्या बापावर जातपंचायतीचा दबाव होता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नाशिकचे कार्यकर्ते कृष्णा चांदगुडे आणि त्यांचे सहकारी त्यामागं लागले. बहिष्कारात पिचलेली माणसं वेगवेगळ्या समाजांतून पुढं येऊन बोलू लागली. त्याच ऑगस्टमध्ये नाशिकला जातपंचायतीला मूठमाती देण्यासाठी परिषद भरली. डॉ. नरेंद्र दाभोलकर या मोहिमेच्या पुढं होते. २० ऑगस्टच्या सकाळी पुण्यात त्यांचाच खून झाला. काम थांबलं नाही. २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, जुलै २०१७ पासून तो लागू झाला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं आणि त्याचं मूळ नाशिकच्या एका रिक्षात होतं.

बापाला २०१७ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बदलून कोणतीही सूट नसलेली वीस वर्षांची सक्तमजुरी दिली. फाशी गेली म्हणून माझ्या काही मैत्रिणी हळहळल्या. मला तसं वाटलं नाही. दोष कायम राहिला, हे मला पुरेसं वाटलं. माझं मन दुसरीकडंच अडकलं होतं, त्या रिक्षाचालकावर. त्यानं जे पाहिलं ते पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं. तो त्या घरातला नव्हता. भाडं बुडालं, दिवस गेला, वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांची टांगती तलवार. त्याच्याजागी कुणी ‘मी बघितलं नाही’ म्हटलं असतं तर? माझ्या त्या बावीस वर्षांच्या मुलीच्या रात्री व्हरांड्यात सासूखेरीज आणखी दोघी-तिघी बायका होत्या, शेजारणी. त्यांना भडक्याचा आवाज आला होता की भांडणाचा, हे मी विचारलंच नव्हतं. पुढं विचारायला लागले.

आता रॉकेल गेलं. घरोघर गॅस आला, रेशनच्या रॉकेलचा कोटा आटत आटत बंद झाला. माझ्या शेवटच्या काही वर्षांत जळीत वॉर्डाचे फोन खरंच कमी झाले आणि मी मनापासून आनंदले. मग लक्षात आलं की फोन तेवढेच आहेत, फक्त आता ते शवागारातून येतात. गळफास. जळालेली बाई निदान काही तास बोलते. गळफासात जबाब घ्यायला कुणी उरत नाही. उरते ओढणीची गाठ, पंख्याची उंची, पायाखालचं स्टूल पडलंय की सरळ उभं आहे, आणि तिच्या मोबाइलमधले शेवटचे निरोप. मंजुश्रीच्या पत्रांसारखे. आईला पाठवलेले, रात्री दोनचे, ‘मी ठीक आहे, काळजी नको करू’ असे.

कायद्याची कलमं १ जुलै २०२४ पासून बदलली. ४९८-अ चं भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं, ३०४-ब चं कलम ८०. मी निवृत्त झाले त्याला आता काही वर्षं झाली. नवे आकडे पाठ करायची गरज नव्हती, तरी केले.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेबाराला फोन वाजला. सवयीनं हात आधी खुंटीकडं गेला. तिथं आता नातवाचं दप्तर असतं. माझ्या हाताखाली दोन वर्षं काम केलेली मुलगी होती, आता स्वतः नायब तहसीलदार. आवाज दबका. ‘मॅडम, पहिलीच जळीत केस आहे माझी. शुद्धीवर आहे. स्टोव्ह म्हणतेय. घरात गॅस आहे.’

‘दार लावलंस?’

‘सासरे आणि दीर दारातच उभे आहेत. हलत नाहीत.’

‘हवालदाराला सांग, त्यांना जिन्याखाली न्यायला. तू स्टूल घे. बस. लेकरू आहे का तिला?’

‘विचारलं नाही.’

‘आधी ते विचार. कुठंय ते विचार. बाकी सगळं नंतर.’

ती ‘हो’ म्हणाली, पण फोन बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. मला पावलं ऐकू आली. पुरुषांचे वरच्या पट्टीतले आवाज, हवालदाराचा दरडावणारा सूर, मग ते आवाज लांब जात गेले. लोखंडी स्टूल फरशीवरून ओढल्याचा कर्कश आवाज आला. कडी लागली. मग तिचा आवाज, अगदी हळू, माझ्याशी नव्हे, ‘ताई, बाळ कुठंय गं तुझं?’

मी फोन खाली ठेवला. पुढचं ऐकायचा अधिकार माझा नव्हता.